दुसऱ्या कंपनीचे स्विच आणि आपले जुने नेटवर्क

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेत मी नेटवर्कचे काम पाहतो. अभियांत्रिकी महाविद्यालय, तंत्रनिकेतन आणि रुग्णालय असे आमचे तीन परिसर आहेत आणि आजवर सगळे स्विच व राउटर सिस्को या एकाच कंपनीचे होते. तिन्ही परिसरांमध्ये मार्ग ठरवण्यासाठी ईआयजीआरपी, मुख्य इमारतीतील दोन कोअर (मध्यवर्ती) स्विचमध्ये एक बंद पडला तर दुसऱ्याने बाहेर जाण्याचे दार (गेटवे) सांभाळावे म्हणून एचएसआरपी, तारांचे वेटोळे (लूप) तोडणाऱ्या स्पॅनिंग ट्रीसाठी पीव्हीएसटी प्लस आणि टेबलावरच्या फोनना स्विचची माहिती देण्यासाठी सीडीपी अशी, सगळी सिस्कोचीच भाषा बोलणारी, रचना आहे. यंदा नव्या वसतिगृहासाठी व्यवस्थापनाने दुसऱ्या कंपनीचे स्विच कमी दरात घेतले. ‘सगळे स्टँडर्ड आहे, जोडले की चालेल,’ असे पुरवठादाराने तोंडी सांगितले होते. जोडल्यावर कोअरकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी (अपलिंकपैकी) एक नुसती पडून राहू लागली, म्हणून त्यांच्या माणसाने नव्या स्विचवरील स्पॅनिंग ट्री बंद केली. तेव्हापासून दोन्ही कोअरवर ‘विसंगत व्हीलॅन’ (व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) असे संदेश येतात, मुलांचे इंटरनेट चालते, पण ते स्विच कार्यालयातून उघडता येत नाहीत आणि वसतिगृहातील फोनना त्यांच्यासाठीचा वेगळा व्हॉइस व्हीलॅन मिळत नाही. पुरवठादार म्हणतो दोष जुन्या स्विचचा, एएमसीवाले (वार्षिक देखभालीचे कंत्राटदार) म्हणतात दोष नव्यांचा. विश्वस्त विचारतात, हे स्विच परत करून पुन्हा एकाच कंपनीकडे जायचे की सगळेच खुल्या, म्हणजे कोणत्याही कंपनीला वापरता येणाऱ्या, मानकांवर न्यायचे? ईआयजीआरपी आता खुला झाला आहे असेही कोणी सांगितले. पुढच्या निविदेत काय लिहावे? लॉगची प्रत आणि दोन्ही कोअरचे कॉन्फिगरेशन सोबत जोडले आहे.

उत्तर :

स. न. वि. वि.

विश्वस्तांनी पुढे ठेवलेले दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवावेत असे मला वाटते. स्विच परत करण्याइतके काही बिघडलेले नाही, आणि चालू असलेले सगळे नेटवर्क उपसून खुल्या मानकांवर नेण्याचीही आज गरज नाही. प्रोटोकॉल (उपकरणांची आपसात बोलण्याची भाषा) एका कंपनीच्या मालकीचा आहे एवढ्यावरून तो काढून टाकायचा नसतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे ज्या तारेवर एकमेकांना भेटतात, त्या तारेवर तो बोलला जातो आहे का, हे पाहायचे असते. त्या तारेवर दोघांनाही समजेल अशी मानक भाषा हवी आणि तिथे तडजोड नको. एकाच कंपनीच्या दोन पेट्या आपसात काय बोलतात, हा त्यांचा घरचा मामला आहे आणि त्यांतली एक पेटी बदलायची वेळ येईपर्यंत तो तसाच राहिला तरी चालतो. तुमच्या यादीतील चार प्रोटोकॉलना हीच फूटपट्टी लावली, तर दोनांना आत्ता हात घालावा लागेल, एकाला सवडीने, आणि एकाला मुळीच नाही.

आधी वसतिगृहाचे पाहू, कारण तिथे पुरवठादार आणि एएमसीवाले दोघेही अर्धेच बरोबर आहेत.

तुमच्या पहिल्या कोअरवर वसतिगृहाकडे जाणाऱ्या पोर्टचा नेटिव्ह व्हीलॅन (टॅग, म्हणजे व्हीलॅन क्रमांकाची चिठ्ठी, नसलेली माहितीची पाकिटे, म्हणजे फ्रेम, ज्यात मोजली जातात तो) ९९ आहे. दुसऱ्या कोअरवर त्याच कामाच्या पोर्टवर कोणी ती ओळ लिहिलेलीच नाही, त्यामुळे तिथे तो १ राहिला आहे. जुन्या पद्धतीचे स्विच ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या तारेवर) प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचा निरोप) पाठवतात, तो सिस्कोच्या स्वतःच्या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्यावर पाठवतात, आणि ‘मी अमुक व्हीलॅनचा’ असा क्रमांक त्याच्या पोटात लिहितात. नव्या स्विचला हा पत्ता ओळखीचा नाही. त्याच्या दृष्टीने ती एक साधी मल्टिकास्ट फ्रेम असते, म्हणून तो ती त्या व्हीलॅनमधल्या सगळ्या पोर्टवर पुढे ढकलतो. पहिल्या कोअरने नेटिव्ह व्हीलॅन ९९ साठी टॅग न लावता पाठवलेला बीपीडीयू नव्या स्विचच्या व्हीलॅन १ मध्ये शिरला, तिथून दुसऱ्या अपलिंकने टॅगशिवायच बाहेर पडला आणि दुसऱ्या कोअरच्या व्हीलॅन १ मध्ये पोचला. त्या कोअरने आत लिहिलेला क्रमांक वाचला, ९९ आणि १ यांचा मेळ बसेना, आणि लूपच्या धास्तीने त्याने दोन्ही व्हीलॅन त्या पोर्टवर रोखून धरले. उलट दिशेने पहिल्या कोअरवरही हेच झाले. तुमचे व्यवस्थापन नेमके व्हीलॅन ९९ मध्ये आहे, म्हणून स्विच कार्यालयातून दिसेनासे झाले. मुलांचे व्हीलॅन टॅगसह जात असल्यामुळे त्यांना याचा स्पर्शही झाला नाही.

म्हणजे मूळ विसंगती तुमच्याच दोन कोअरमध्ये होती. वसतिगृहात जुन्याच कंपनीचा स्विच बसवला असता, तर सीडीपीने नेटिव्ह व्हीलॅन जुळत नसल्याची ओरड पहिल्या मिनिटापासून सुरू केली असती आणि तुम्ही ती ओळ दुरुस्त करून मोकळे झाला असता. नवा स्विच सीडीपी बोलत नाही, म्हणून ती सूचना मिळालीच नाही. एकाच कंपनीच्या उपकरणांनी घर भरलेले असते तेव्हा अशा कितीतरी सोयी आपोआप मिळत असतात, आणि त्या मिळत होत्या हे त्या थांबल्यावरच कळते. त्या सोयींचे मोल शून्य आहे असे मी म्हणणार नाही. विश्वस्तांपुढे दरांची तुलना मांडताना तेही मांडायला हवे.

हे झाले नेटिव्ह व्हीलॅनपुरते. ही विसंगती उघड होण्याचे निमित्त मात्र स्पॅनिंग ट्री बंद केल्याचे आहे, आणि ते काम पुरवठादाराच्या माणसाने करायला नको होते. सुरुवातीला एक अपलिंक पडून राहत होती, हा बिघाड नव्हताच. पीव्हीएसटी प्लसमध्ये प्रत्येक व्हीलॅनची स्वतंत्र ट्री असते, त्यामुळे काही व्हीलॅन एका तारेने आणि उरलेले दुसऱ्या तारेने नेता येतात. तुमच्या कोअरवर तशी विभागणी केलेलीही दिसते. नवा स्विच आरएसटीपी हे स्पॅनिंग ट्रीचे मानक रूप बोलतो आणि त्याला एकच ट्री ठाऊक आहे. तुमच्या जुन्या स्विचच्या व्हीलॅन १ ची ट्री हीच त्याच्या लेखी सगळ्या नेटवर्कची ट्री, आणि त्या एका हिशोबाने त्याने एक अपलिंक सगळ्याच व्हीलॅनसाठी रोखली. मानकाप्रमाणे त्याचे वागणे अगदी बिनचूक होते. स्पॅनिंग ट्री बंद केल्यावर मात्र तो नुसता मुका मध्यस्थ उरला. आज लूप तुटतो आहे तो केवळ तुमचे कोअर एकमेकांचे बीपीडीयू त्याच्यामधून ऐकू शकतात म्हणून, आणि उद्या एखाद्या मुलाने खोलीतल्या दोन सॉकेटमध्ये एकच केबल खुपसली, तर तो लूप तोडणारे त्या इमारतीत कोणीही नाही. म्हणून हे पत्र वाचल्याबरोबर नव्या स्विचवरील स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू करा, दोन्ही कोअरच्या पोर्टवर आणि नव्या स्विचच्या दोन्ही अपलिंकवर टॅगशिवायचा व्हीलॅन एकच ठेवा, आणि एक अपलिंक शांत बसली तर तिला शांत बसू द्या. एक मात्र ध्यानात ठेवा : नवे स्विच आज कार्यालयातून उघडत नसल्याने हे काम वसतिगृहाच्या रॅकपाशी बसून, कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची तार) लावूनच करावे लागेल.

दोन्ही अपलिंक वापरायच्याच असतील, तर त्याचा खुला मार्ग एमएसटीपी हा आहे. हे मानक २००२ मध्ये आयईईई या मानक संस्थेचे ८०२.१एस म्हणून आले आणि पुढे व्हीलॅनच्या ८०२.१क्यू मानकामध्येच सामावले गेले. आज व्यवस्थापन करता येण्याजोग्या बहुतेक स्विचमध्ये ते असते. त्यात शेकडो व्हीलॅन दोन-तीन गटांत बांधून प्रत्येक गटाची एक ट्री ठेवतात. जुळवणीची अट मात्र कडक आहे : प्रदेशाचे नाव, आवृत्ती क्रमांक आणि कोणता व्हीलॅन कोणत्या गटात हा तक्ता, हे तिन्ही प्रत्येक स्विचवर तंतोतंत एकसारखे असावे लागतात. नावातले एक अक्षर लहानाचे मोठे झाले, तरी तो स्विच परक्या प्रदेशातला ठरतो आणि तसा ठरल्याचे मोठ्याने सांगतही नाही. बदल करताना दोन्ही कोअर आधी एमएसटीपीवर न्या, सर्व व्हीलॅनची रूट (ट्रीचे मूळ असण्याचा मान) त्यांच्याकडेच राहील इतका त्यांच्या प्रायॉरिटीचा आकडा खाली ठेवा आणि मग एकेक इमारत बदलत जा. रूट काही व्हीलॅनसाठी नव्या प्रदेशात आणि काहींसाठी अजून पीव्हीएसटीवर असलेल्या स्विचकडे अशी विभागली गेली, तर सीमेवरचे पोर्ट पुन्हा ‘विसंगत’ म्हणून बंद पडतील आणि एएमसीवाले पुन्हा नव्या स्विचकडे बोट दाखवतील. पुरवठादार कदाचित सांगेल की त्यांच्या स्विचमध्ये पीव्हीएसटीशी जुळणारा एक प्रकारही आहे. अनेक कंपन्या तो देतात, आणि संक्रमणाच्या काळात तो वापरायला माझी हरकत नाही. पण दुसऱ्याच्या खासगी प्रोटोकॉलची नक्कल हा कायमचा पाया होऊ शकत नाही.

फोनचे काम सर्वांत सोपे आहे. सीडीपीचे काम करणारे खुले मानक, एलएलडीपी, २००५ मध्ये ८०२.१एबी म्हणून मंजूर झाले, आणि फोनला व्हॉइस व्हीलॅन कळवण्यासाठी त्यावर एलएलडीपी-मेड ही भर नंतर घातली गेली. नव्या स्विचवर ते चालू करून व्हॉइस व्हीलॅनचे धोरण त्यात लिहा. जुन्या स्विचवर ते बहुधा बंद असेल, तेही चालू करा. सीडीपी आणि एलएलडीपी एकाच पोर्टवर गुण्यागोविंदाने नांदतात. तुमचे फोन अगदी जुन्या पिढीतले असतील तर त्यांना एलएलडीपी कळते का, हे आधी एका फोनवर तपासून घ्या. कळत नसेल तर त्या फोनवर व्हॉइस व्हीलॅन हाताने भरावा लागेल.

एचएसआरपीला हात लावू नका. तो फक्त तुमच्या दोन कोअरमध्ये बोलला जातो, दोन्ही कोअर एकाच कंपनीचे आहेत, आणि वसतिगृहातल्या स्विचला किंवा लॅपटॉपला दिसतो तो केवळ गेटवेचा एक पत्ता. ज्या दिवशी दोनांपैकी एक कोअर दुसऱ्या कंपनीचा येईल, त्या दिवशी त्याच कामाच्या व्हीआरआरपी या खुल्या मानकावर जावे लागेल, कारण एचएसआरपी आणि व्हीआरआरपी एकमेकांना ओळखत नाहीत. तोपर्यंत चालत्या गाडीची खीळ कशाला काढायची?

या दोघांच्या इतिहासात मात्र तुमच्या मुख्य प्रश्नाशी जोडलेली एक गोष्ट आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. एचएसआरपीचे वर्णन मार्च १९९८ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) २२८१ म्हणून जाहीर झाले आणि पाठोपाठ एप्रिलमध्ये व्हीआरआरपी हे खुले मानक आरएफसी २३३८ म्हणून आले. तरीही आपल्या एचएसआरपीच्या पेटंटचा काही भाग व्हीआरआरपीला लागू होतो, अशी सिस्कोची भूमिका होती. ओपनबीएसडी ही मुक्त संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांना पेटंटच्या सावलीतले मानक नको होते. त्यांनी कार्प नावाचा स्वतःचा प्रोटोकॉल लिहिला आणि तो २००४ च्या आवृत्तीत दिला. अधिकृत प्रोटोकॉल क्रमांक न मिळाल्यामुळे त्यांनी व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरला, आणि ही दोन्ही एकाच नेटवर्कवर चालवणाऱ्यांच्या डोक्याला नवाच ताप झाला. मालकीपासून सुटका करून घेण्यासाठी लिहिलेला प्रोटोकॉल असा स्वतःच जुळवणीची अडचण होऊन बसला. ‘खुले’ या शिक्क्याखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात, ते यावरून दिसते.

ईआयजीआरपीचेही तसेच आहे. तो खुला झाला हे तुम्हाला सांगणारा खोटे बोललेला नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी सिस्कोने तो आणला, त्याच्या मुळाशी असलेली ड्युअल ही गणनपद्धत गार्सिया-लुना-असेव्हेस यांची, आणि तिची रचना खरोखर देखणी आहे : पर्यायी मार्गात लूप नाही याची खात्री आधीच करून तो हाताशी तयार ठेवला जातो, त्यामुळे मुख्य मार्ग तुटला की क्षणात बदल होतो. वीस वर्षे तो घरातच ठेवल्यावर कंपनीने २०१३ मध्ये त्याचे वर्णन इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेपुढे ठेवले आणि मे २०१६ मध्ये ते आरएफसी ७८६८ म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्या दस्तऐवजाचा वर्ग ‘माहितीपर’ आहे, तो मानकांच्या वाटेवरचा नाही. सर्वांनी मिळून तो घडवलेला नाही. हा असा चालतो, एवढेच मालकाने लिहून दिले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाजारात दुसऱ्या कंपनीचा राउटर घ्यायला गेलात, तर ईआयजीआरपी बोलणारा शोधून सापडायचा नाही. मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचे एक रूप आहे, पण रुग्णालयाची लिंक त्याच्या भरवशावर टाकावी असे मी सुचवणार नाही.

वर्णन छापले गेले म्हणजे प्रोटोकॉल उपयोगाच्या अर्थाने खुला झाला, असे नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान दोघांनी तो स्वतंत्रपणे बनवलेला असावा आणि त्यांची उपकरणे एकमेकांशी बोलून दाखवलेली असावीत. हा निकष माझा नाही; मानकाच्या पुढच्या पायरीवर जाण्यासाठी अशी दोन स्वतंत्र, एकमेकांशी जुळणारी रूपे असली पाहिजेत, असे आयईटीएफने १९९६ च्या आरएफसी २०२६ मध्ये लिहूनच ठेवले होते. त्याच्या आधी, १९८८ पासून भरू लागलेल्या इंटरॉप प्रदर्शनातही मांडलेली उपकरणे प्रदर्शनाच्या सामाईक नेटवर्कला जोडून दाखवण्यावरच भर असे. उलट बाजूला ओएसआयचे प्रोटोकॉल पाहा : आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे, कागदोपत्री अगदी निर्दोष खुले, आणि १९९० पासून अमेरिकी सरकारने आपल्या खरेदीत सक्तीचेही केलेले. तरी बाजार गेला तो आजच्या इंटरनेटच्या टीसीपी-आयपीकडे, कारण त्याचे चालते सॉफ्टवेअर लोकांच्या हातात होते. त्या सगळ्या डोलाऱ्यातून प्रामुख्याने आयएस-आयएस हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल तगला, तोही मोठ्या सेवादात्यांच्या जाळ्यांत.

आता तुमच्यापुरते. वसतिगृहातील अडचणीशी ईआयजीआरपीचा काडीचाही संबंध नाही, म्हणून या धांदलीत तो बदलायला घेऊ नका. पण पुढेमागे रुग्णालयात किंवा तंत्रनिकेतनात दुसऱ्या कंपनीचा राउटर वा फायरवॉल येण्याची शक्यता असेल, आणि तुमच्या व्यवस्थापनाचा कल पाहता ती दिसते, तर त्याआधीच सुटीचा काळ पाहून ओएसपीएफ या मार्ग ठरवणाऱ्या खुल्या प्रोटोकॉलवर जा. त्याचे पहिले रूप १९८९ चे, आजही वापरात असलेली दुसरी आवृत्ती १९९८ च्या आरएफसी २३२८ मधली, आणि कोणत्याही कंपनीच्या राउटरमध्ये ती सापडते. तीन परिसरांना एकच एरिया (ओएसपीएफमधला विभाग) पुरे.

दोन परिसर ईआयजीआरपीवर आणि एक ओएसपीएफवर ठेवून मध्ये मार्गांची अदलाबदल करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, कारण ते एका दुपारचे काम आहे. मिरज-लातूर मार्ग नॅरोगेज होता तोवर कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागत असे. या अदलाबदलीत तशीच हमाली रोजची होऊन बसते, आणि माल चढवताना त्यावरची चिठ्ठी हरवते ते वेगळेच. एका प्रोटोकॉलमधले अंतराचे माप दुसऱ्यात जाताना पुसले जाते, आणि अदलाबदल दोन ठिकाणी होत असेल तर एकीकडून गेलेला मार्ग दुसरीकडून नवा म्हणून परत येतो. संक्रमणाच्या आठवड्यापुरते हे ठीक आहे, कायमची सोय म्हणून नाही.

त्यापेक्षा दोन्ही प्रोटोकॉल तिन्ही राउटरवर काही दिवस शेजारी-शेजारी चालवा. सिस्कोच्या उपकरणात ईआयजीआरपीच्या अंतर्गत मार्गाचे प्रशासकीय अंतर (कोणत्या प्रोटोकॉलच्या मार्गाला पसंती द्यायची, याचा आकडा) ९० आणि ओएसपीएफचे ११० असते. कमी अंतराला मान, म्हणून ओएसपीएफ मुकाट्याने सगळे शिकून घेतो आणि वाहतूक जुन्याच वाटेने जात राहते. त्या काळात त्याने निवडलेले मार्ग जुन्यांशी ताडून पाहा, आणि समाधान झाले की एका रात्री तिन्ही ठिकाणी ईआयजीआरपीचे अंतर ११० च्या वर न्या. जुने कॉन्फिगरेशन लगेच पुसू नका. काही बिनसले तर तेवढे अंतर पूर्ववत करायचे आणि झोपायला जायचे. यात एक सापळा मात्र आहे आणि तो तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये मला स्पष्ट दिसतो. इंटरनेटकडे जाणारा डिफॉल्ट मार्ग तुम्ही बाहेरून ईआयजीआरपीमध्ये घातला आहे. अशा बाह्य मार्गाचे अंतर ९० नसून १७० असते. म्हणून ओएसपीएफमध्येही डिफॉल्ट मार्ग जाहीर करण्याची ओळ तयारीच्या दिवसांतच लिहून ठेवलीत, तर तो ११० च्या जोरावर त्याच क्षणी जिंकेल आणि तुम्ही ‘अजून काहीच बदलले नाही’ अशा समजुतीत असताना दोन्ही परिसरांचे इंटरनेट नव्या वाटेने जाऊ लागेल. ती ओळ बदलाच्या रात्रीसाठीच राखून ठेवा. रुग्णालयाला सुटी नसते, तेव्हा ती रात्र त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

खुल्या मानकावर गेल्यानंतरही जुळवणीचे काम उरतेच, हे विश्वस्तांना आधी सांगून ठेवणे बरे. प्रशासकीय अंतर हा प्रकार कोणत्याही मानकात नाही. जुनिपर या कंपनीच्या राउटरवर ओएसपीएफच्या अंतर्गत मार्गाला १० आणि बाह्य मार्गाला १५० अशी वेगळीच किंमत आहे. ओएसपीएफच्या हिशोबातले लिंकचे मोल (कॉस्ट) काढण्यासाठी सिस्को १०० मेगाबिट हे प्रमाण धरते, त्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही लिंक तिला सारख्याच वाटतात. हे प्रमाण सगळीकडे हाताने एकसारखे करावे लागते. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) मोजताना काही कंपन्या इथरनेटचे हेडर (पाकिटावरचा मजकूर) धरतात, काही धरत नाहीत, आणि तो जुळला नाही की दोन राउटर एकमेकांना नमस्कार करतात पण पुढे माहितीची देवाणघेवाण अडून बसते. प्रत्यक्ष कामात हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त वेळ खातो, आणि उत्तर एका आकड्यात असते.

निविदेबद्दल. ‘सर्व खुल्या मानकांना सपोर्ट असावा’ हे वाक्य लिहू नका; त्याला कोणीही होकार देतो आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. ८०२.१क्यू ट्रंक, एमएसटीपी, एलएसीपी (अनेक तारा बांधून एक करण्याचे मानक), एलएलडीपी-मेड, ओएसपीएफची दुसरी आणि तिसरी आवृत्ती, व्हीआरआरपीची तिसरी आवृत्ती अशी नावे मानकाच्या क्रमांकासह लिहा, आणि त्यांतली कोणती मूळ किमतीत आहे व कोणत्यासाठी वेगळा परवाना लागतो, हे बोलीतच मागा. अनेकदा स्वस्त स्विच राउटिंगच्या परवान्याने महाग होतो. त्यानंतरची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : खरेदीचा आदेश निघण्यापूर्वी बोली लावणाऱ्याने एक नमुना स्विच आणून तो तुमच्या जुन्या स्विचला तुमच्याच प्रयोगशाळेत जोडून दाखवावा. तारा काढून-लावून, एक अपलिंक तोडून, एक फोन जोडून, आणि वायरशार्क या वाहतूक तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तारेवर काय जाते ते तुमच्यासमोर पाहून. महाविद्यालयाला प्रयोगशाळा आहे आणि असे काम हौसेने करणारी मुलेही आहेत. ही सोय फार थोड्या ग्राहकांकडे असते. दोन कंपन्यांच्या सीमेवर अडचण आली तर ती सुटेपर्यंत पाठपुरावा कोणी करायचा, हेही करारात एका पक्षाचे नाव घालून लिहा, नाहीतर आजचीच कहाणी पुन्हा होईल. तुमची खरेदी शासकीय निधीतून असेल, तर केंद्र सरकारचे ई-गव्हर्नन्ससाठीचे खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० पासून आहे आणि त्यात स्वामित्वशुल्काशिवाय वापरता येणाऱ्या मानकांवर भर आहे. सर्व शिक्षणसंस्थांवर ते बंधनकारक आहे असे नव्हे, पण टिपणीत संदर्भ म्हणून उपयोगी पडते.

प्रोटोकॉलच्या नावांनी समाधान मानू नका, कारण अडकवण्याच्या जागा इतरत्रही असतात. वायफायचेच घ्या. ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्यातील कॅपवॅप हे मानक २००९ पासून आरएफसी ५४१५ म्हणून अस्तित्वात आहे, तरी एका कंपनीचा ॲक्सेस पॉइंट दुसरीच्या कंट्रोलरशी काम करील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. म्हणून वायफाय एका कंपनीचेच घ्या आणि ते उरलेल्या नेटवर्कला साध्या मानक ट्रंकने जोडा. दोन कोअर मिळून एकच असल्यासारखे भासवणारी जोडी हवी असेल, तर ती दोन्ही एकाच कंपनीची घ्यावी लागते. खाली जोडणारा स्विच मात्र साध्या एलएसीपीने कोणाचाही चालतो. कमांड लिहिण्याची सवय हेही एक बंधन आहे. कमांडच्या रचनेवरूनच सिस्कोने अरिस्टा या प्रतिस्पर्धी कंपनीवर २०१४ मध्ये खटला भरला होता. २०१६ मध्ये ज्युरीचा कौल कॉपीराइटच्या मुद्द्यावर अरिस्टाच्या बाजूने गेला आणि २०१८ मध्ये पेटंटसह सगळे वाद मिटवताना अरिस्टाने ४० कोटी डॉलर मोजले. बोटांना लागलेल्या सवयीची किंमत कंपन्या एवढी ओळखून आहेत, तेव्हा तुमच्या माणसांच्या प्रशिक्षणाचे दिवसही दरांच्या तुलनेत धरा. आणि फायबरच्या एसएफपी मॉड्यूलबद्दल (तार जोडण्यासाठी स्विचमध्ये खोचायच्या सुट्या भागाबद्दल) निविदेत एक ओळ अवश्य घाला : स्विचने दुसऱ्या उत्पादकाचे मॉड्यूल नाकारू नये, आणि ते लावल्यामुळे हमी रद्द होणार नाही, हे पुरवठादाराने लेखी द्यावे.